कार्ड पर्समध्ये, बाई सांगलीत

सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. चार पानी, फुलस्केपवर, डावीकडे समास सोडून. जागेअभावी थोडं आवरून देते. तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सगळं उत्तर त्यांच्यावरच उभं आहे.

"स. न. वि. वि.

मी ६७ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. एकुलता एक मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, २०१७ पासून तिथला नागरिक. त्यानं आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड केलं. मार्च २०१९ मध्ये आम्ही तिकडे गेलो आणि त्याच्याकडेच राहिलो. मधे २०२२ मध्ये चार महिने येऊन गेलो, तेवढंच. १२ नोव्हेंबर २०२३ ला पुतणीच्या लग्नासाठी आणि हयातीचा दाखला द्यायला म्हणून आलो. परतीचं तिकीट २० फेब्रुवारी २०२४ चं होतं. ९ जानेवारीला ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मिरजेला अठरा दिवस दवाखान्यात. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नावही काढू नका. तिकीट वाया गेलं. पुढे फिजिओथेरपी, औषधं, रात्रीची जागरणं यांत दिवस कसे गेले कळलं नाही. ऑक्टोबरात दुसरा झटका आला, तेव्हापासून अंथरुणावरच होते. ३ फेब्रुवारी २०२५ ला हे गेले.

आता जून आहे. मुलगा म्हणतो, आई, ये. त्याच्या मित्रानं सांगितलं की वर्षाच्या वर झालं म्हणजे कार्ड गेलं. इथला ट्रॅव्हल एजंट म्हणतो, कार्डावर मार्च २०२९ लिहिलंय, बिनधास्त बसा. धाकटे दीर म्हणतात, वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घर सोडायचं नाही. मुलगा एकदा फोनवर बोलून गेला, महिनाभर थांबून नागरिकत्वाचा अर्ज भरून मगच यायला हवं होतंत. ते लागलं मला.

आणखी एक, कुणाला बोलले नाही. मला तिकडे जायचं आहे का, हेच मला कळेनासं झालंय. इथे ह्यांची खुर्ची आहे, अंगणात पारिजातक आहे, हाक मारली की शेजारचं कुणी येतं. तिकडे नातू आहे, सात वर्षांचा, त्याला अक्षरओळख मी करून दिली. पण सकाळी सगळे बाहेर पडले की घरात मी आणि हीटरचा आवाज. कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. ते गेलं, की आहे?"

बाई,

तुम्हाला मारायला दुसरी हाक मला सुचत नाही. आम्हालाही पहिलीपासून बाईच होत्या, आणि समास सोडून लिहिलेलं पत्र बघितलं की आजही पाठ सरळ होते.

मी वकील नाही. न्यू जर्सीत इमिग्रेशनच्या वकिलाकडे बावीस वर्षं फायली लावल्या, फॉर्म भरले, आणि तुमच्यासारख्या कितीतरी आईवडिलांना चहा करून देत त्यांच्या तारखा लिहून घेतल्या. त्या अनुभवावर लिहिते. सही करण्याआधी खरा वकील गाठायचाच आहे, तो कशासाठी ते पुढे येईल.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. ते गेलेलं नाही. पण त्याच्यावर आता विमानात बसता येणार नाही. मुलाचा मित्र आणि तुमचा एजंट या दोन गोष्टींची गल्लत करतायत, दोघं दोन टोकांनी.

कायमच्या वास्तव्याचा हक्क वेगळा आणि ते प्लॅस्टिकचं कार्ड वेगळं. हक्क जातो तो दोन वाटांनी: इमिग्रेशन न्यायाधीशापुढे प्रकरण चालून तसा शेवटचा निकाल लागला तर, किंवा तुम्ही स्वतः आय-४०७ नावाच्या फॉर्मवर सही करून तो सोडून दिलात तर. यांतलं काहीच झालेलं नाही. एक वर्ष उलटलं की रात्री बारा वाजता काहीतरी आपोआप रद्द होतं, असं नाही. मात्र परत येताना प्रवासाचं कागदपत्र म्हणून ते कार्ड चालतं ते गैरहजेरी एक वर्षाच्या आत असली तरच. तुमचं वर्ष १२ नोव्हेंबर २०२४ ला भरलं. तुम्हीच दिलेल्या तारखांवरून दिसतं की त्या दिवशी हे अंथरुणाला खिळलेले होते आणि तुम्ही उशाशी होतात. कॅलेंडर बघायचं राहून गेलं याबद्दल पत्रात तुम्ही दोनदा माफी मागितली आहे. (ती ओळ मी वर कापली.) कुणाची माफी मागताय?

२०२९ ही तारीख त्या प्लॅस्टिकची आहे. कार्ड दर दहा वर्षांनी नवं करायचं असतं, म्हणून ती छापतात. ती संपली तरी हक्क संपत नाही, आणि ती लांब आहे म्हणून हक्क शाबूत आहे असंही नाही. एजंटला हे ठाऊक नसण्यात नवल नाही, त्याचा धंदा तिकीट विकण्याचा. पण मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी पासपोर्टावरचा शिक्का बघते. पुरेशा कागदांशिवाय प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे ती तुम्हाला तिथेच थांबवेल. सामान परत घेऊन रात्री दोन वाजता विमानतळाबाहेर उभी राहिलेली माणसं मला माहीत आहेत.

आता दुसऱ्या एका समजाबद्दल. तुम्ही तो लिहिला नाहीत, पण एडिसनच्या रूझवेल्ट पार्कातल्या बाकांवर तुम्ही तो नक्की ऐकला असणार: "सहा महिन्यांतून एकदा टच करून यायचं, बास." यावर किती जणांनी किती विमानभाडी भरली असतील, देव जाणे. सहा महिन्यांची रेघ आहे, नाही असं नाही. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर परतताना अधिकारी तुम्हाला नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखं तपासू शकतो. पण सहा महिन्यांच्या आत आलात म्हणजे प्रश्न मिटला, असं कायद्यात कुठेही नाही. १९७५ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डापुढे जमैकाच्या एका बाईंचं प्रकरण आलं होतं. त्या बाई दर वर्षातले अकरा महिने जमैकात स्वतःचं लॉज चालवायच्या आणि दरवर्षी महिनाभर अमेरिकेत येऊन जायच्या. बोर्ड म्हणालं, तुमचं घर तिकडे आहे, इकडे तुम्ही पाहुण्या. बाई, तुम्हाला सोपं पडेल असं सांगते: हजेरीपटावर सही झाली म्हणून तास झाला असं होत नाही.

कॅनडात हा हिशेब सरळ आहे, पाच वर्षांत ७३० दिवस, मोजा आणि मोकळे व्हा. अमेरिकेत आकडा नाही, हेतू आहे. तुम्ही बाहेर गेलात ते तात्पुरत्या कामासाठी का, ते काम कधी संपणार होतं, आणि ते लांबलं तर कशामुळे. हेतू पोटात असतो, तो कुणाला दिसत नाही, म्हणून कागदांवरून ओळखतात. परतीचं तिकीट होतं का. तिकडे बँकेत खातं आहे का. टॅक्स रिटर्न भरता का, आणि कोण म्हणून भरता. कुटुंब कुठे आहे. इकडे भारतात नोकरी धरली का, दुकान काढलं का.

या हिशेबानं तुमची बाजू चांगली आहे. मी सहसा असं लिहीत नाही, पण तारखा बोलतात. तीन महिन्यांसाठी आलात, परतीचं तिकीट हातात होतं, लग्न हे येण्याचं कारण आणि ते उरकलं की जायचं होतं. मग जे घडलं ते कुणाच्याच हातात नव्हतं.

तुमच्यासारख्यांसाठी एक वाट आहे, 'रिटर्निंग रेसिडेंट' व्हिसा, कागदोपत्री एसबी-१. त्यासाठी डीएस-११७ नावाचा फॉर्म भरून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत द्यायचा. फी १८० डॉलर, नकार आला तरी परत नाही. मग मुलाखत. तिथे तीन गोष्टी पटवाव्या लागतात. निघालात तेव्हा तुम्ही कायम रहिवासी होतात, हे कार्डच सांगतं. निघतानाच परत जायचा बेत होता आणि तो तुम्ही सोडला नाहीत. आणि मुक्काम लांबला तो तुमच्या ताब्याबाहेरच्या कारणानं, ज्यात तुमचा दोष नाही. हे मान्य झालं की पुढचा व्हिसा अर्ज, वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरांकडची तपासणी आणि लसी, त्याची वेगळी फी. मुलाला नव्यानं तुमच्यासाठी काही दाखल करावं लागत नाही, हा यातला मोठा फायदा. प्रवासाच्या किमान तीन महिने आधी अर्ज द्या, असं ते लोकच सांगतात.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण चांगली प्रकरणं तिथेच लटपटतात.

आजारी हे होते, तुम्ही नव्हतात. मुलाखत घेणारी व्यक्ती विचारील, मग तुम्ही का थांबलात? तुमच्या-माझ्या कानाला हा प्रश्न उद्धट वाटतो. नवरा अंथरुणावर असताना बायको का थांबली, हे काय विचारायचं झालं? पण त्यांना फाइलमध्ये कागद लागतो. म्हणून मिरजेच्या डॉक्टरांकडून नुसतं "लांबचा विमानप्रवास करू नये" एवढंच लिहून आणू नका. लेटरहेडवर, तारखेसह, असं लिहून हवं की रुग्णाला चोवीस तास माणूस लागत होतं, त्यांची सगळी शुश्रूषा पत्नी करत होती आणि ही परिस्थिती अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होती. दीर आहेत ना, ते बघू शकले असते ना, असाही प्रश्न येऊ शकतो. ते कुठे राहतात, त्यांचं वय काय, त्यांच्या घरी काय परिस्थिती, हे खरं असेल तसं दोन वाक्यांत सांगायची तयारी ठेवा. डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, औषधांची बिलं, मृत्यूचा दाखला. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. पावत्या तुम्ही जपून ठेवल्या असणार, मला शंका नाही. शिक्षकांच्या घरी १९८७ ची वीजबिलंसुद्धा सापडतात.

आता वर्षश्राद्ध.

दिरांचा मान राखून सांगते, त्यासाठी अर्ज थांबवू नका. ३ फेब्रुवारी २०२५ पर्यंतचा एकेक महिना आजारपणानं भरलेला आहे. त्यानंतरचे चार महिने दिवसकार्य, वारसनोंद, बँकेतली नावं बदलणं, आणि मुख्य म्हणजे तुमची स्वतःची अवस्था, यांत गेले. हेही कुणी समजूतदार अधिकारी मान्य करील. पण पुढचे आठ महिने तुम्ही "वर्षश्राद्ध व्हायचं होतं" म्हणून थांबलात, तर तो तुमचा निर्णय झाला. धर्म म्हणून तो बरोबर असेल, फॉर्मच्या भाषेत ते "ताब्याबाहेरचं कारण" होत नाही. त्या आठ महिन्यांनी आधीचं भक्कम प्रकरण पातळ होतं. अर्ज आत्ता द्या. व्हिसाला लागायचा तो वेळ लागेलच, आणि एकदा हक्क पक्का झाला की महिनाभर येऊन वर्षश्राद्ध करून जायला कुणाची आडकाठी नाही. मुलगाही येईल, करणारा तर तोच आहे.

"थेट जाऊन बघू" हाही पर्याय मुलाच्या डोक्यात येईल, म्हणून लिहिते. समजा, विमानात बसू दिलं. नेवार्कला उतरल्यावर तुम्हाला आतल्या खोलीत बसवतील. तिथला अधिकारी कागदाची अट माफ करून सोडू शकतो. नाहीतर न्यायाधीशापुढे हजर राहायची नोटीस हातात देऊ शकतो. किंवा आय-४०७ पुढे ठेवून म्हणू शकतो, इथे सही करा, सोपं पडेल. तो फॉर्म ऐच्छिक आहे. सही करायला कुणी भाग पाडू शकत नाही. "मला न्यायाधीशापुढे जायचंय" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तिथे तुम्ही वास्तव्य सोडलं हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. वाचायला हे धीराचं वाटतं. पण सोळा तासांच्या प्रवासानंतर, व्हीलचेअरवरून आणलेल्या, पाय सुजलेल्या बाईपुढे कुणी कागद सरकवला तर ती सही करते. मी पाहिलंय. २०२५ च्या मार्चमध्ये तर थंडीचे महिने भारतात काढून परतणाऱ्या वृद्धांवर अशा सह्यांसाठी दबाव आणल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. ही वाट मी तुम्हाला सुचवणार नाही. मुंबईची वकिलात परवडली. तिथे निदान महालक्ष्मीनं रात्री बसून सकाळी पोचता येतं, आणि नकार आला तरी संध्याकाळी परत आपल्या घरी.

एसबी-१ नाकारला गेला तर? मुलगा नागरिक आहे. आईवडिलांसाठी नागरिक मुलानं केलेल्या अर्जाला वर्षाच्या कोट्याची रांग नसते. तो पहिल्यापासून पुन्हा तुमची कागदपत्रं करील, वेळ आणि पैसा जाईल, पण दार बंद होत नाही. हे मुलाखतीला जाताना मनात असू द्या. शेवटची गाडी सुटतेय असा चेहरा करून बसायची गरज नाही.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येते. खरं तर मी ते पत्र तिथूनच वाचायला सुरुवात केली होती.

तुम्हाला वाटतं की कार्डाचा प्रश्न कायद्याचा आणि "जायचं आहे का" हा मनाचा, दोन्ही वेगळे. इथे ते एकच आहेत. त्या मुलाखतीत तुम्हाला शपथेवर विचारतील, तुम्ही अमेरिकेत राहायला परत जाताय का? भेटायला जाताय का, असं नाही विचारणार. माझ्याकडे येणारी मुलं आईकडून उत्तरं पाठ करून घ्यायची, "म्हण, मला इथेच राहायचंय". आई म्हणायचीही. मग कार्ड टिकायचं, आणि आई चार महिन्यांनी पुन्हा सातारा, नाशिक, डोंबिवली. मग पुन्हा तेच, दर खेपेला धाकधूक, दर खेपेला विमानतळावर तोंडाला कोरड. एका काकांना मी विचारलं होतं, तुम्हाला नक्की काय हवंय? ते म्हणाले, मला काही नको, मुलानं एवढे पैसे घातलेत, ते वाया जाऊ नयेत.

म्हणून खोटं पाठ करू नका. नवरा गेल्यावर सहा महिन्यांत मन थाऱ्यावर नसणं हे वास्तव्य सोडणं नव्हे. कुणी तसं विचारलं तर तसंच सांगा, की दुःखात होते, पण माझं कुटुंब तिकडे आहे आणि मी परत जायचा बेत कधी मोडला नाही. हे खरं असेल तर. आणि खरं नसेल, तुम्हाला सांगलीतच राहून वर्षातून तीनचार महिने नातवाकडे जायचं असेल, तर त्यालाही सरळ वाट आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. आय-४०७ आपण होऊन भरायचा, तो पोस्टानं पाठवता येतो, आणि मग पर्यटक व्हिसासाठी अर्ज करायचा. एका हातात ग्रीन कार्ड आणि दुसऱ्या हातात पर्यटक व्हिसा असं होत नाही, म्हणून हा क्रम. पर्यटक व्हिसा मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण स्वतःहून कार्ड परत करणाऱ्या, स्वतःचं घर आणि पेन्शन असलेल्या बाईंची बाजू तिथे पडकी नसते. मिळाला की सहसा दहा वर्षांचा, आणि एका खेपेला बहुतेक वेळा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. तुमच्या पत्रातून मला वाटलं ते सांगू? नातवावर तुम्ही तीन ओळी लिहिल्यात आणि घरावर पाऊण पान. पण त्या तीन ओळींत खाडाखोड जास्त आहे. मी त्यावरून काही ठरवणार नाही, तुम्ही ठरवा.

ठरवताना तिकडच्या दिवसाचा विचार करा, सणाच्या दिवसाचा नको. जानेवारीतला मंगळवार. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. पूर्वी त्या वेळात तुम्ही दोघं होतात, भांडायला तरी कुणी होतं. आता एकट्या असाल. सुनेशी तुमचं कसं आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, चार पानांत तिचा उल्लेख एकदाही नाही. ते नातं बरं असेल तर जानेवारी निघतो. नसेल तर कार्ड कितीही पक्कं असलं तरी निघत नाही. मुलाशी बोलण्याआधी तिच्याशी बोला, असं मी सुचवीन. थेट, तिच्या लंच ब्रेकमध्ये, मुलगा फोनवर नसताना.

दवाखान्याचाही विचार यात धरा. पासष्टीनंतर तिथलं मेडिकेअर विकत घ्यायचं तर कायम रहिवासी म्हणून अर्जाच्या लगेच आधीची सलग पाच वर्षं तिथे काढलेली असावी लागतात. तुमचा दीड वर्षाचा खंड त्यात आडवा येऊ शकतो. परतलात तर विम्याची सोय काय, त्याचा हप्ता कोण भरणार, हे मुलानं आधी कागदावर मांडून दाखवावं. संकोच करू नका, पैशाचं आधी बोललेलं बरं.

टॅक्सचं थोडक्यात, कारण ते इथे मावणारं नाही. कार्ड रीतसर सोडेपर्यंत अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी तुम्ही तिथल्याच, मग राहायला सांगलीत का असेना. तुमची पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, सगळं त्यांच्या हिशेबात येतं. इथल्या खात्यांची एकत्र रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. २०२४ चं रिटर्न भरलं नसेल तर जाणत्या माणसाकडून ते बघून घ्या, आणि काही झालं तरी 'अनिवासी' म्हणून भरू नका. एसबी-१ मागायचा आणि रिटर्नवर अनिवासी लिहायचं, म्हणजे आपल्याच हातानं वास्तव्य सोडल्याचा पुरावा देणं. एका हुशार सीएनं चारशे डॉलर वाचवायला हे केलं होतं, त्याचं नाव अजून माझ्या डोक्यात आहे. आणि सोडायचंच ठरलं, तर ३१ डिसेंबर २०२५ च्या आत सोडा. २०१९ पासून धरलं तर २०२५ हे सातवं करवर्ष. पंधरांपैकी आठ वर्षं भरली की कार्ड सोडणाऱ्याला आणखी एक किचकट फॉर्म लागतो. कार्ड सोडताना काहींना लागणारा वेगळा कर तुम्हाला पडणार नाही बहुधा, तो मोठ्या मालमत्तेच्या लोकांसाठी असतो, पण डोकेदुखी कशाला.

दोन्ही वाटांवर एकदा वकिलाला तारखा दाखवाच. तुमच्यासाठी त्याचं काम म्हणजे डीएस-११७ मधली कारणाची दोन परिच्छेदांची हकिगत तपासणं आणि रिटर्नशी, शिक्क्यांशी ती जुळते का बघणं. हकिगत लिहायची तुम्हीच. तुमच्याइतकी नेटकी कुणी लिहिणार नाही.

मुलाच्या बोलण्याबद्दल. त्याचं गणित चुकलेलं नाही. नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षं भरायच्या ९० दिवस आधी देता येतो, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये तुम्ही तिथे असतात तर देता आला असता. पण महिनाभर थांबला असतात तर पुतणीचं लग्न चुकलं असतं, आणि जानेवारीतला झटका कुठे आला असता, विमानात की एडिसनला, हे त्यालाही सांगता येणार नाही. तो वडिलांना शेवटचं भेटायला पोचला का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल पोचला, तर ते वाक्य त्यातून आलंय. नागरिकत्वाचा काटा आता मागे गेला आहे हे खरं. वर्षाच्या वर बाहेर राहिल्यानं सलग वास्तव्य तुटतं, आणि परतल्यापासून चार वर्षं एक दिवस झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. तुम्ही तेव्हा बहात्तरीला आलेल्या असाल. हवं तर करा, नको तर नका.

इतर वाचकांपैकी कुणाचे आईवडील कार्ड घेऊन येत्या दिवाळीला यायचे असतील तर त्यांच्यासाठी चार ओळी: वर्षभराच्या आसपास राहायची जराही शक्यता असेल तर निघण्याआधी आय-१३१ फॉर्म भरून 'री-एंट्री परमिट' मागा. तो अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, सांगलीत बसून नाही. बोटांचे ठसेही तिथेच द्यायचे. तो दोन वर्षांपर्यंत चालतो, वाढवून मिळत नाही. ज्यांनी मागच्या पाच वर्षांतली चारांहून जास्त बाहेर काढलीत त्यांना एकच वर्ष मिळतं. आईवडिलांचं वय झालं असेल तर शक्यता नेहमीच असते.

बाई, २० फेब्रुवारी २०२४ चं ते न वापरलेलं तिकीट तुमच्या बाजूचा पहिला कागद आहे. तुम्ही लिहिलंय ते मुलानं काढलं होतं, म्हणजे त्याच्या ईमेलमध्ये असणार, रद्द केल्याच्या निरोपासकट. आज रात्री आठाच्या सुमाराला फोन करा, त्याची तेव्हा सकाळ असेल. जायचं की नाही ते फोनवर काढू नका. फक्त म्हणा, ते तिकीट शोधून मला पाठव.